मैदानावर क्रीडा संकुल होणार म्हणतात? आधी मैदान मोजा

एके दिवशी चौकात फ्लेक्स लागतो. निळ्या काचांची इमारत, पुढे कारंजं, दारात दोन गाड्या, आणि खाली ओळ: शहराच्या मध्यवस्तीत अत्याधुनिक क्रीडा संकुल. पोहण्याचा तलाव, बॅडमिंटन, व्यायामशाळा, वर बहुउद्देशीय सभागृह. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात दोन तट पडलेले असतात. एक म्हणतो, "पोरांना कुठेतरी खेळायला मिळू दे." दुसरा म्हणतो, "मैदान गेलं म्हणायचं." दोघेही मनापासून बोलत असतात. अडचण एवढीच की त्या मैदानावर आज दिवसभरात किती माणसं येतात, हे दोघांपैकी कुणालाच सांगता येत नाही.

हा लेख अशा वेळी पहिल्यांदाच बैठकीला जाणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही नगररचनेचे अभ्यासक असायची गरज नाही. दोन रविवार, दोन कामाचे दिवस, एक वही आणि चार सोबती एवढं पुरतं. आणि हे काम आपल्यालाच करावं लागतं, कारण कायद्याने ते दुसऱ्या कुणावर टाकलेलं नाही. जमीन सक्तीने संपादित होणार असेल, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांच्या मूल्यांकनाची तरतूद आहे. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर पर्यावरण मंजुरीचा प्रश्न येतो. पण महापालिका स्वतःच्याच मैदानावर मध्यम आकाराची इमारत बांधते, तेव्हा वस्तीवर काय परिणाम होईल याचा अहवाल कुठल्याच टेबलावर तयार होत नाही.

पहिली पायरी: नेमकं काय ठरलंय ते कागदावर पाहा

फ्लेक्सवरचं चित्र म्हणजे प्रकल्प नव्हे. गोष्ट कुठल्या टप्प्यावर आहे हे आधी कळायला हवं: फक्त घोषणा झाली आहे, अंदाजपत्रकात तरतूद झाली आहे, सभेत ठराव झाला आहे, की निविदाच निघाली आहे? टप्प्याप्रमाणे तुमच्या हातातले उपाय बदलतात. घोषणेच्या टप्प्यावर जागासुद्धा बदलून मागता येते. निविदा उघडल्यावर बहुतेक वेळा अटींवरच बोलणं उरतं.

भूखंडाचा सर्व्हे नंबर किंवा नगर भूमापन क्रमांक मिळवा आणि नगररचना विभागात जाऊन विकास आराखड्यात त्या जागेवर कोणतं आरक्षण आहे ते पाहा. 'खेळाचे मैदान', 'उद्यान' आणि 'क्रीडा संकुल' हे शब्द बोलताना एकसारखे वाटतात, पण प्रत्येकाखाली किती बांधकाम चालतं याचे नियम वेगळे आहेत. आरक्षण बदलायचं असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली जाहीर सूचना काढावी लागते आणि नागरिकांना हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. ही सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येते. गटातल्या एकाने रोज सकाळी जाहीर सूचनांचं पान वाचायचं, असं ठरवूनच टाका.

मालक कोण आणि ताबा कुणाकडे हेही पाहा, कारण ते एकच असतील असं नाही. मुंबईतलं महालक्ष्मी रेसकोर्स घ्या. २११ एकर जागा, मालकी काही भागापुरती राज्य शासनाची आणि काही भागापुरती महापालिकेची, वापर भाडेपट्ट्याने एका क्लबकडे, तो भाडेपट्टा २०१३ मध्ये संपलेला, आणि सकाळ-संध्याकाळ तिथे चालायला जाणारे लोक वेगळेच. २०२४ मध्ये त्यातली १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी आणि ९१ एकर क्लबकडे, असा मार्ग निघाला. तुमचं मैदान दीड एकराचं असलं, तरी त्याच्याभोवतीही असे तीन-चार धागे असू शकतात. कोपऱ्यातली तालीम जुन्या कराराने बसलेली असते, एक तुकडा शाळेच्या नावावर असतो.

कागद कसे मिळवायचे? महाराष्ट्रात २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्याची सोय ठेवायची आहे. आधी तिकडे जा. माणसं भेटतात, फाइल डोळ्यांनी दिसते, नेमका कोणता कागद मागायचा ते समजतं. त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. मागायचे कागद असे: ठरावाची प्रत, स्थळदर्शक नकाशा, इमारतीखाली जाणाऱ्या आणि मोकळ्या राहणाऱ्या क्षेत्राचा तक्ता, अंदाजपत्रक, आणि संकुल चालवण्याबाबतच्या अटींचा मसुदा. हा शेवटचा कागद सगळ्यांत महत्त्वाचा. तो का, ते पुढे येईलच.

"सरकारी जागा आहे, तुम्ही कोण विचारणारे?" असं कुणी म्हणालंच तर सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा बंगळूर मेडिकल ट्रस्टचा निकाल लक्षात ठेवा. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय न्यायालयाने रद्दच ठरवला आणि परिसरातल्या रहिवाशांना त्याविरुद्ध दाद मागायचा हक्क आहे हे मान्य केलं.

दुसरी पायरी: मैदान मोजा

ही पायरी कुणी करत नाही, म्हणून मी इथे जास्त थांबणार आहे. प्रस्तावातल्या फायद्यांना आकडे असतात: इतकी कोर्ट, इतके सभासद, इतके कोटी. आज मैदान जे देतंय त्याला आकडाच नसतो. त्यामुळे तराजूचं एक पारडं आधीच रिकामं राहतं.

पहाटे ५ ते रात्री ११ या वेळेचे तास पाडा. प्रत्येक तासाच्या ठोक्याला मैदानाला एक फेरी मारायची आणि त्या क्षणी आत जितकी माणसं आहेत ती मोजायची. कामाचे दोन दिवस, दोन रविवार. जमलं तर परीक्षा संपल्यानंतरचा एक दिवस आणि पावसाळ्यातला एक. वहीत रकाने पाडा: मुलगे, मुली, पुरुष, बायका, ज्येष्ठ, विक्रेते, आणि पुढे मोठी जागा 'काय करत होते' यासाठी. नावं विचारायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत. कशासाठी मोजताय असं कुणी विचारलं तर खरं ते सांगायचं. बहुतेक जण लगेच तुमच्या बाजूला येऊन उभे राहतात आणि तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी सांगतात.

पहाटे ५ ला जायचा कंटाळा करू नका. त्या वेळी मैदानावर जे दिसतं ते आपल्या कुठल्याच बैठकीत येत नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली अंधारातच पळत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानाला किती फेऱ्या मारल्या की किती मीटर होतात याचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. यातली बरीचशी मुलं भाड्याच्या खोलीत राहतात, कुणी शेजारच्या तालुक्यातून आलेली असतात, आणि त्यांना मातीचीच धाव लागते. ट्रेडमिलवर गोळा फेकता येत नाही. आमच्या प्रभागात आम्ही पहिल्यांदा मोजलं तेव्हा ही मुलं आमच्या यादीतच नव्हती, कारण यादी करणारे आम्ही सगळे ७ नंतर फिरायला जाणारे.

मग हास्यक्लब आणि ज्येष्ठ नागरिक संघाचा कट्टा. ८ नंतर आसपासच्या शाळांचे पीटीचे तास, कारण मध्यवस्तीतल्या कितीतरी शाळांना स्वतःचं अंगण नसतं. दुपारी रिक्षावाले आणि डिलिव्हरीची मुलं झाडाखाली आडवी होतात, घरकामाला जाणाऱ्या बायका दोन कामांच्या मधल्या तासात डबा उघडतात. संध्याकाळी एकाच मैदानावर टेनिस बॉलचे पाच-सहा सामने एकमेकांत गुंतलेले, एकाचा फाइनलेग तो दुसऱ्याचा मिडऑफ. त्यांच्या कडेने आपापल्या वर्तुळात चालणाऱ्या बायका. कडेला भेळ, फुटाणे, उसाचा रस. दिवे कुठवर पोचतात आणि कुठे अंधार पडतो तेही नकाशावर खुणा करून ठेवा. अंधार पडला की त्या कोपऱ्यातून आधी बायका निघून जातात.

एकच मोकळी जागा किती कामं उचलू शकते हे पाहायचं असेल तर दादरच्या शिवाजी पार्कात एक रविवार बसा. साधारण २८ एकर. क्रिकेटची नेट, समर्थ व्यायाम मंदिराची मुलं, आजी-आजोबांचा कोपरा, आणि सभोवतीच्या कट्ट्यावर काहीही न करणारी शेकडो माणसं. हे 'काहीही न करणं'सुद्धा वहीत लिहा. घरात दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असली की बाहेर बसायला फुकटची जागा असणं ही फार मोठी गोष्ट असते.

आता आकड्यांचं काय करायचं? दिवसभराच्या १८-१९ नोंदींची बेरीज केली की अंदाजे माणूस-तास मिळतात. दोन तास बसलेला माणूस दोनदा मोजला जातो, आणि ते बरोबरच आहे, कारण त्याने जागा दोन तास वापरली. हेच माप प्रस्तावाला लावा. समजा संकुलात बॅडमिंटनची ६ कोर्ट आहेत, प्रत्येकावर चौघे, दिवसाला १५ तास, एकही तास रिकामा नाही. ६ गुणिले ४ गुणिले १५, म्हणजे ३६० माणूस-तास, तेही कमाल. तुमच्या वहीत मैदानाच्या तेवढ्याच तुकड्यावर किती आले ते पाहा. कधी आकडा याहून कितीतरी मोठा येतो, कधी लहानही येतो. लहान आला तर तोही प्रामाणिकपणे लिहा. मैदान ओस पडलेलं असेल, रात्री तिथे बाटल्या फुटत असतील, तर तीही माहिती आहे.

तिसरी पायरी: जे मैदानावर येतच नाहीत त्यांना शोधा

मी सुरुवातीला अशा प्रस्तावांकडे विरोधाच्याच डोळ्यांनी पाहायचो. माझं मत बदललं ते एका दुपारी, वस्तीतल्या आठवी-नववीच्या मुलींशी बोलताना. आमच्या वहीत संध्याकाळी ६ नंतर 'मुली' या रकान्यात जवळजवळ शून्य होतं. कारण विचारलं तर उत्तर एका दमात आलं: तिथे बाथरूम नाही, कपडे बदलायला जागा नाही, आणि मुलं जागा सोडत नाहीत. कबड्डी त्यांना खेळायची होती. शिकवणारंही कुणी नव्हतं.

फक्त मोजणीवर विसंबलं तर आज जे जागा व्यापून बसलेत त्यांचंच पारडं जड होतं. म्हणून मोजणीनंतर घरोघरी जाऊन उलटा प्रश्न विचारायचा: तुम्ही मैदानावर का येत नाही? मुली, लहान मुलांच्या आया, व्हीलचेअर वापरणारे, अंध व्यक्ती, गुडघ्याच्या दुखण्यामुळे खडबडीत जमिनीवर चालू न शकणारे आजोबा. बैठक भरवायची असेल तर तीन बैठका भरवा, त्यातली एक फक्त बायकांची, दुपारी २ च्या सुमाराला, मंदिराच्या ओट्यावर किंवा अंगणवाडीत. संध्याकाळी ७ ला महापालिकेच्या सभागृहात ठेवलेल्या बैठकीला कोण येऊ शकतं आणि कोण पोळ्या करत असतं, हे सगळ्यांना माहीत आहे.

चांगलं संकुल इथेच खरं उपयोगी पडतं. छप्पर असलं की पावसाळ्याचे चार महिने खेळ बंद पडत नाही. स्वच्छतागृह, दिवे, महिला प्रशिक्षक, पोहायला शिकण्याची सुरक्षित सोय या गोष्टी मोकळी माती देऊ शकत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक इमारती सुगम असायला हव्यात असं सांगतो. आराखड्यात रॅम्प आहे का, त्याचा उतार १ ला १२ पेक्षा तीव्र नाही ना, लिफ्ट तलावापर्यंत पोचते की फक्त सभागृहापर्यंत, हे नकाशावर बोट ठेवून विचारा.

पण मिळालेल्या उत्तरांची पुन्हा चाळणी करा. मुलींना हवं होतं ते स्वच्छतागृह, दिवे आणि प्रशिक्षक. त्यासाठी तीन मजली इमारतच लागते का? काही गरजा इमारतीशिवाय भागतात, काही भागत नाहीत. दोन वेगळ्या याद्या करा.

चौथी पायरी: चालवणार कोण आणि घेणार किती

बांधायला पैसे मिळतात. राज्याचा निधी, आमदार-खासदारांचा निधी, अंदाजपत्रकातली तरतूद. बांधून झाल्यावर दर महिन्याची वीज, पंप, गाळणी, क्लोरीन, जीवरक्षक, सफाई, रखवालदार हे सगळं कोण देणार, हा प्रश्न उद्घाटनाच्या भाषणात येत नाही. इथूनच दोन वाटा फुटतात. एक तर महापालिका स्वतः चालवते आणि दोन-तीन वर्षांत मोटार जळते, तलावाला कुलूप लागतं. नाही तर ठेकेदाराला दीर्घ मुदतीने चालवायला देते आणि शुल्क वाढत जातं. दोन्हीतून बाहेर पडायचा रस्ता निविदेच्या अटींत असतो, म्हणून त्या मसुद्यासाठी मी वर एवढा आग्रह धरला.

अटींमध्ये हे शोधा. कराराची मुदत किती वर्षांची? दरवर्षी शुल्क किती वाढवता येईल, आणि मंजुरी कुणाची? रोजचे कोणते तास सभासद नसलेल्यांसाठी राखीव? महापालिका शाळांतल्या मुलांना विनामूल्य वेळ आहे का, आणि ती दुपारी १ ते ३ अशी कुणालाच नको असलेली वेळ तर नाही? सभागृह लग्नांना देणार असतील तर वर्षातले किती दिवस? ठेकेदाराने अटी मोडल्या तर दंड किती, आणि तक्रार घ्यायला जागेवर कोण बसणार?

मग तुमच्या वहीतल्या माणसांना ते शुल्क लावून पाहा. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्याच्या घरी महिन्याला हजार-दीड हजार रुपये सहज निघतील. चार घरची धुणी-भांडी करणाऱ्या बाईला दोन मुलांचे मिळून तेवढे काढायला जमेल का, हे तिलाच विचारा. अनामत रक्कम आणि सभासद होताना मागितली जाणारी कागदपत्रं यांचीही चौकशी करा. भाडेकरूंना पत्त्याचा पुरावा मिळवतानाच घाम फुटतो, आणि पोलीस भरतीची ती मुलं इथेच अडकतात.

पाण्याबद्दल थोडं. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद, २ मीटर खोल तलावात २५०० घनमीटर, म्हणजे २५ लाख लिटर पाणी मावतं. माणशी रोज १३५ लिटर या शहरी मापाने ते साधारण साडेअठरा हजार लोकांचं एका दिवसाचं पाणी झालं. हा आकडा ऐकून लोक दचकतात, पण तो जपून वापरा. तलाव रोज रिकामा करून भरत नाहीत; तेच पाणी गाळून फिरवतात, आणि रोज लागतं ते बाष्पीभवन आणि गाळणी धुण्यापुरतं. त्यामुळे विचारायचा प्रश्न असा की पहिली भरणी कुठल्या पाण्याने, रोजचं कुठून, आणि उन्हाळ्यात शहराला दिवसाआड पाणी असताना तलावाचं काय धोरण? आणि २५ मीटरचा उथळ शिकाऊ तलाव पुरेसा असताना ५० मीटरचा कुणासाठी, हेही विचाराच. पोहायला न येणारी मुलं उथळ पाण्यात शिकतात.

पाचवी पायरी: आजूबाजूच्या गल्ल्या

मध्यवस्तीतली जागा म्हणजे एका बाजूला बसस्थानक, दुसऱ्या बाजूला मंडई, मागे शाळा. संध्याकाळी ६ ते ८ या वेळात जवळच्या चौकात उभं राहून एका तासात किती वाहनं जातात ते मोजा. संकुलात वाहनतळ किती गाड्यांचा आहे, आणि सभागृहात लग्न असेल त्या दिवशी गाड्या कुठे लागणार? आग लागली तर बंब आत कसा येणार, हे अग्निशमन दलाच्या अभिप्रायात पाहायला मिळतं.

आवाजाचे नियम २००० सालापासून आहेत: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दारं-खिडक्या असलेल्या बॅडमिंटन हॉलचा त्रास फारसा होत नाही. त्रास गच्चीवरच्या टर्फचा आणि लग्नाच्या बँडचा होतो. शिवाजी पार्कला मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये शांतता क्षेत्र ठरवलं, त्यामागे रहिवाशांनी चिकाटीने दिलेला न्यायालयीन लढा होता. तुम्हाला तिथवर जायची वेळ येऊ नये, म्हणून रात्रीची वेळमर्यादा आत्ताच अटींत लिहून घ्या.

झाडं मोजा, घेर मोजा, फोटो काढा. महाराष्ट्रातल्या नागरी भागांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. झाड तोडायचं असेल तर सूचना लावावी लागते आणि हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची असतात. जुन्या वडाचं वय कुणालाच माहीत नसतं. शाळेच्या जुन्या फोटोत तो दिसतोय का ते शोधा, तोच पुरावा.

पावसाचं पाणी बहुतेक अहवालांतून सुटतं. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर एवढ्या जागेवर जवळजवळ २ लाख लिटर पाणी पडतं. माती त्यातलं बरंच मुरवून घेते किंवा निदान अडवून धरते. काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक ते लगेच गल्लीत सोडतात. सखल बाजूच्या तळमजल्यावर राहणाऱ्यांना विचारा की मागच्या पावसाळ्यात पाणी कुठवर आलं होतं, आणि भिंतीवर खडूने खूण करून ठेवा.

फेरीवाल्यांना विसरू नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांच्यासाठी नगर पथविक्रेता समिती आहे, हलवायचं असेल तर आधी सूचना द्यावी लागते. मैदानाच्या कडेची भेळेची गाडी हे एका घराचं पूर्ण उत्पन्न असतं. संकुलातल्या कँटीनची निविदा निघते तेव्हा त्या गाडीचा विचार कुणाच्या डोक्यात नसतो. दोन-चार गाळे सध्याच्या विक्रेत्यांना द्यावेत अशी सूचना लेखी करा. ही सोपी आणि स्वस्त मागणी आहे, मान्य होण्याची शक्यताही चांगली असते.

आणि वर्षातून एकदाच लागणारे उपयोग: गणपतीचं विसर्जन, दसऱ्याचं रावणदहन, प्रदर्शनं, सभा, पुराच्या वेळी माणसं आणि गुरं उभी करायला उंचवट्याची जागा. ही यादी वस्तीतल्या सर्वांत जुन्या माणसाकडून करून घ्या.

सहावी पायरी: दुसरा मार्ग आहे का

शहरात आधीच बांधलेली आणि आज बंद असलेली किती क्रीडा संकुलं, तलाव, व्यायामशाळा आहेत, याचा एक वेगळा माहिती अर्ज टाका. बंद पडलेला तलाव दुरुस्त करायला किती येईल, हा आकडा नव्या संकुलाच्या अंदाजपत्रकाशेजारी ठेवला की चर्चेचा सूर बदलतो. शाळांची पटांगणं संध्याकाळी ६ ते ८ उघडी ठेवता येतील का? मैदानाच्या एका बाजूला एकमजली इमारत करून उरलेली माती तशीच राखता येईल का? मातीवर कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं आणि खो-खोचं २७ बाय १६ चं, एवढ्या जागेत बसतं. हे कागदावर आखून दाखवलं, तर वास्तुविशारदालाही पर्यायी नकाशा काढणं सोपं जातं.

सातवी पायरी: पारडी

आता सगळं एका पानावर आणा, पण सगळ्यांची मिळून एकच बेरीज करू नका. शंभर जणांची थोडी सोय आणि दहा जणांचं सगळंच जाणं यांची वजाबाकी होत नाही. प्रत्येक गटापुढे चार गोष्टी लिहा: त्यांचं काय वाढतं, काय जातं, त्यांना दुसरी जागा आहे का, आणि चूक झाली तर ती मागे घेता येते का. मला या शेवटच्या दोन रकान्यांचं वजन सर्वांत जास्त वाटतं. ज्याला क्लबही परवडतो त्याची गैरसोय आणि ज्याच्याकडे हेच एक मैदान आहे त्याची गैरसोय सारखी नाही. शुल्क जास्त ठेवलं तर पुढच्या वर्षी कमी करता येतं. पाया खणून ओतलेलं काँक्रीट मात्र पुन्हा माती होत नाही. म्हणून शुल्काबद्दल थोडी जोखीम चालेल, मातीबद्दल चालणार नाही.

या पानावरून उत्तर बहुधा 'हो' किंवा 'नाही' असं सरळ निघत नाही. 'हो, पण इतकीच जागा आणि या अटींवर' असं निघतं, किंवा 'इथे नाही, त्या बंद तलावाच्या जागी' असं. ते एका वाक्यात लिहा. बैठकीत तीन मिनिटं मिळतात, त्यातलं पहिलं वाक्य हेच असू द्या. दुसरं वाक्य पहाटेच्या मोजणीचा आकडा. तिसरं, मुलींनी सांगितलेलं.

आठवी पायरी: कागद आत द्या, पोच घ्या

हरकत किंवा सूचना लेखीच द्यायची. एकच मजकूर छापून खाली शंभर सह्या घेतल्या तर ती एकच हरकत म्हणून बाजूला पडू शकते. त्यापेक्षा पंधरा जणांनी आपापल्या शब्दांत, स्वतःच्या वापराबद्दल अर्ध्या पानाची पत्रं लिहावीत. भेळवाल्याचं पत्र, पीटीच्या बाईंचं, भरतीच्या मुलाचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी लिहून द्या आणि वाचून दाखवून मगच अंगठा घ्या. आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आमची एक पूर्ण फाइल एका कार्यालयात 'मिळालीच नाही' झाली होती. शिक्क्याच्या प्रती होत्या म्हणून सुनावणीत बोलता आलं. मागणीत असं लिहा की सुनावणी शक्यतो मैदानावरच, रविवारी सकाळी घ्यावी. अधिकारी एकदा जागेवर उभे राहून ते दृश्य पाहतात, तेव्हा नकाशावर पांढरा दिसणारा तुकडा त्यांनाही वेगळा दिसतो.

नगरसेवक, प्रभाग समितीचे अध्यक्ष, क्रीडा अधिकारी, उद्यान विभाग, सगळ्यांना तेच एक पान द्या. कुणाला गाठून, कुणाला टाळून काम करू नका. संकुल हवं म्हणणाऱ्या बॅडमिंटनच्या मुलांच्या पालकांनाही द्या. आमच्याकडे मातीची जागा राखण्याची अट सर्वांत जोराने लावून धरली ती त्यांनीच.

आणि ती वही जपून ठेवा. संकुल झालंच, तर उद्घाटनानंतर सहा महिन्यांनी, त्याच महिन्यात, त्याच वारी, पहाटे ५ ला पुन्हा जायचं आहे. तेच रकाने. आधी वहीत होती ती भरतीची मुलं आता कुठे पळतात, आणि संध्याकाळी ६ नंतर 'मुली' या रकान्यात किती आकडा येतो, हे लिहून घ्यायचं आहे.